मनकवड्यांची निंदापंगत

अब्रुनुकसानीच्या खटल्यात आरोपीच्या तोंडी हमखास येणारे एक वाक्य आहे : “साहेब, मी आपले थट्टेने म्हटले.” वकिलीच्या वीस वर्षांत हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की पक्षकाराने तोंड उघडण्यापूर्वीच ते आमच्या कानात वाजू लागते. कायद्याला थट्टा कळत नाही असे नाही. परंतु तिला त्याने स्वतंत्र आसन दिलेले नाही. १८६० च्या दंडसंहितेतील ४९९ व्या कलमाला दहा अपवाद होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमातही ते आहेत. लोकहितार्थ केलेले सत्यकथन, सद्भावनेने केलेली टीका, वरिष्ठाने दिलेली समज, असे पुष्कळ काही त्या दहांत सापडते. थट्टा सापडत नाही. फार तर, सामान्य समजुतीचा व सामान्य स्वभावाचा मनुष्य ज्याची तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक हानी हा अपराध नव्हे, असे सांगणाऱ्या ३३ व्या कलमाच्या वळचणीला तिला उभे राहता येते. तेथेही तिला पागोळ्यांचे पाणी लागतेच.

साहित्यशास्त्र या बाबतीत अधिक उदार. निंदेच्या मिषाने स्तुती करणे याला मम्मटादी आलंकारिकांनी व्याजस्तुती असे नाव देऊन मानाने अलंकारांत बसविले आहे. आणि देवळाच्या सभामंडपात कीर्तनाला बसणाऱ्या आमच्या वाचकांस आलंकारिकांचीही साक्ष नको. नामदेवरायांनी पांडुरंगाला काय काय सुनावले आहे, हे त्यांनी हरदासाच्या मुखातून ऐकले आहे. ज्याच्याशी आपले काही नाते नाही त्याला कोणी अशा अधिकाराने बोल लावीत नाही.

तेव्हा निंदेत स्तुती असू शकते हे आम्हास पुस्तकाने व परंपरेने ठाऊक होते. पण निंदा हाच सत्कार, असा रीतसर समारंभ आम्ही प्रत्यक्ष पाहिला तो दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत, आणि तोही अशा लोकांचा की ज्यांच्या धंद्याला हसे मुळीच परवडत नाही. तो समारंभ मनकवड्यांचा होता.

मनकवडे म्हणजे कोण, हे थोडे सांगितले पाहिजे. जादूगार टोपीतून ससा काढतो, तेव्हा ही हातचलाखी आहे हे मुलालाही कळते व ते आनंदाने टाळ्या पिटते. मनकवड्याजवळ ससा नसतो. तो प्रेक्षकांतील एखाद्या अनोळखी बाईंना उभे करून त्यांच्या बालमैत्रिणीचे नाव सांगतो. आठ दिवस आधी पाकिटात बंद केलेले भाकीत सर्वांसमक्ष फोडून दाखवितो. त्याचे साहित्य म्हणजे कागद, पेन्सिल आणि माणसे. या कलेला तिकडे मेंटॅलिझम म्हणतात. जोसेफ डनिंजर नावाच्या गृहस्थांनी १९४३ पासून रेडिओवरून असे प्रयोग करून अमेरिकेला वेड लाविले होते. आपले कोणी हस्तक प्रेक्षकांत बसलेले असतात असे सिद्ध करणारास दहा हजार डॉलर देण्याची त्यांनी जाहीर प्रतिज्ञा केली होती. त्यांच्या मागून आलेले क्रेस्किन (१९३५–२०२४) हे आपल्या बिदागीचा धनादेश प्रेक्षकांना सभागृहात लपवावयास सांगत आणि तो सापडला नाही तर बिदागीवर पाणी सोडीत. त्यांच्याही पूर्वी अलेक्झांडर (१८८०–१९५४) नावाचे एक गोरे गृहस्थ डोक्याला फेटा गुंडाळून व अंगात झगा घालून ‘सर्व काही जाणणारा पुरुष’ म्हणून मिरवीत. फेट्याचे कारण उघड आहे. हिंदुस्थानातील मनुष्य मन वाचतोच, अशी तिकडे समजूत होती. बोटात मावेल एवढे या धंद्यातील एक साधन आहे, त्याला आजही ‘स्वामी’ म्हणतात. त्याचा उपयोग काय हे आम्हास कळले आहे; परंतु ते सांगणार नाही असे आम्ही वचन दिले असल्यामुळे येथे मौन पत्करतो.

या मंडळींचे सारे भांडवल म्हणजे त्यांच्याविषयी वाटणारा दबदबा. विदूषकाला हसले तर त्याचे पोट भरते. मनकवड्याला हसले की त्याचा प्रयोग मेला. मग असे लोक वर्षातून एकदा एकत्र जमून आपल्यातीलच एका वडीलधाऱ्याला मधोमध बसवितात आणि दोन तास त्याची मनमुराद टर उडवितात, हे कसे? आम्हास हा उलगडा होईना.

या प्रकाराला इंग्रजीत ‘रोस्ट’, म्हणजे भाजणे, म्हणतात. त्याचे माहेर न्यूयॉर्क येथील फ्रायर्स क्लब. हा नटांचा व विनोदवीरांचा क्लब १९०४ मध्ये निघाला व १९५० च्या सुमारास तेथे अशा भाजण्याच्या मेजवान्या सुरू झाल्या. ज्यांच्यावर आपले प्रेम आहे त्यांनाच आपण भाजतो, असे त्या क्लबाचे ब्रीद. बोलणे इतके सैल असे की दारे लावून घेतली जात व स्त्रियांना मज्जाव असे. १९८३ मध्ये फिलिस डिलर या विनोदी नटीने पुरुषाचा वेष करून आत प्रवेश मिळविला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. दरम्यान १९७४ पासून दहा वर्षे डीन मार्टिन या गायकनटाने तोच प्रकार सोज्वळ करून दूरचित्रवाणीवर आणला आणि हळूहळू ती चाल हरएक व्यवसायाच्या मेळाव्यांत शिरली.

आम्हास घेऊन गेले ते आमचे सहाध्यायी. कायद्याच्या वर्गात एका बाकावर बसलेले. पुढे कायदा सोडून अमेरिकेत विमा कंपनीत चिकटले, आणि आता शनिवार-रविवार मनकवड्याचे प्रयोग करतात. मूळचे फोंडा महालातले. अजून जत्रेला येतात. मोटारीतून जाताना त्यांनी आम्हास सभेचे शिष्टाचार सांगितले. दाराशी फोन काढून ठेवावा लागतो. ज्याला बोलण्यास सांगितलेले नाही त्याने उठावयाचे नाही. मंडळीत सर्वांत नवा जो असेल तो पहिल्यांदा बोलतो, सत्कारमूर्तीचा सर्वांत जुना स्नेही शेवटी. आणि त्यानंतर स्वतः सत्कारमूर्ती. शेवटचा शब्द त्याचा, आणि त्याने कितीही फटके परत केले तरी त्यांस उत्तर नाही. आजारपण, मुलेबाळे आणि नुकतेच कोसळलेले दुःख यांना हात लावावयाचा नाही. कोणाची युक्ती, सर्वांस ठाऊक असली तरी, मोठ्याने बोलावयाची नाही, कारण वाढप करणारी मंडळी खोलीत असतात.

“आणि एक,” मित्र म्हणाले, “ज्याच्यावर बोलायचं त्याचा प्रयोग निदान दहा वेळा पाहिलेला असला पाहिजे. कपडे, टक्कल, वजन यांवर कुणीही बोलेल. त्याच्या कामावर बोल, म्हणजे तुला ते काम कळतं असं होईल. हे कुठं लिहिलेलं नाही रे, पण न पाळणाऱ्याला पुन्हा कोणी बोलवीत नाही.”

आम्ही किंचित बावरलेले पाहून ते कोकणीत म्हणाले, “भियेनाका, हांगा सगळे आपलेच.”

हा शेवटचा नियम ऐकल्यावर आम्हास आमच्याकडील एका वकीलसंघाचे स्नेहभोजन आठवले. गावाचे नाव सांगत नाही. तेथेही जेवणानंतर टिंगल करण्याची पद्धत होती. एका नामांकित ज्येष्ठ वकिलांनी उठून एका कनिष्ठाच्या तोतरेपणाची हुबेहूब नक्कल केली. कनिष्ठाचे वडील पाहुणे म्हणून बोलाविलेले होते व ते समोरच बसले होते. सर्व हसले, तो मुलगाही हसला. त्याला बोलावयास कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी त्या नकलेनंतर त्याने कोणत्या तोंडाने बोलावे? वर्ष संपण्यापूर्वी त्याने त्या न्यायालयातून आपला गाशा गुंडाळला व दुसऱ्या तालुक्यात वकिली मांडली. ज्येष्ठ म्हणाले, त्याला विनोद कळत नाही. आमच्या मते विनोद कळला नाही तो ज्येष्ठांना. तो मुलगा करार फार सुरेख लिहीत असे. प्रत्येक कलमाला तीन पोटकलमे जोडण्याची त्याला खोड होती, आणि तिच्यावर अर्धा तास हसता आले असते. पण त्यासाठी त्याचे करार वाचावे लागले असते.

संमती देणाऱ्याची हानी होत नाही, असे एक जुने रोमन तत्त्व आम्हा वकिलांच्या फार उपयोगी पडते. पण माणूस चारचौघांत हसला म्हणजे त्याने संमती दिली असे धरून चालणे धोक्याचे आहे.

असो. सभेत आमच्या शेजारी एक संमोहनकार बसले होते. आम्ही कोठले असे त्यांनी विचारले, आम्ही गोवा म्हटले, आणि त्यांनी काटा खाली ठेवून एकच शब्द उच्चारला : “फारिया!” पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला, समोर पडलेल्या स्त्रीवर दोन्ही हात पसरून उभा असलेला तो काळा पुतळा आपण सर्वांनी पाहिला आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला तो पुतळा १९४५ मध्ये बसविण्यात आला. पण सातासमुद्रांपलीकडील एका हॉटेलात कांदोळीच्या या सुपुत्राचे नाव असे आदराने निघेल, हे आमच्या मनीही नव्हते.

जुझे कुस्तोदियु फारिया यांचा जन्म १७५६ चा. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले असता त्यांची बोबडी वळली, तेव्हा पित्याने हळूच कोकणीत “ही सगळी भाजी, कातर रे भाजी” असे सांगून धीर दिला, ही आख्यायिका आपल्याकडे पोरासोरांस ठाऊक आहे. पुढली कथा मात्र आपण फारशी सांगत नाही. १८१३ पासून पॅरिसमध्ये क्लिशी रस्त्यावर ते निद्रेचे प्रयोग करून दाखवीत. त्या काळी सर्वांचे म्हणणे असे की प्रयोग करणाराच्या अंगातून एक अदृश्य चुंबकद्रव वाहतो व समोरचा झोपतो. फारिया म्हणाले, द्रव वगैरे काही नाही. झोप येते ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून. म्हणजे सामर्थ्य आपले नव्हे, तुमचे, असे सांगणारा हा दुर्मिळ चमत्कारी पुरुष. त्यांच्या सभेत एका नटाने झोपेचे सोंग घेतले आणि ऐन वेळी डोळे उघडून भर सभेत त्यांची फजिती केली, असे सांगतात. १८१६ मध्ये तर पॅरिसच्या रंगभूमीवर ‘मॅग्नेतिझमोमानी’ नावाचे प्रहसनच आले व गाव त्यांना हसू लागले. पित्याने भाजी कापावयास सांगितली होती. पॅरिसने पुत्रालाच भाजून काढले. प्रेक्षक आटले. एका संस्थेत धर्मोपदेशकाची साधी नोकरी धरून १८१९ मध्ये ते वारले. त्याच वर्षी त्यांचा ग्रंथ निघाला. शतकाच्या उत्तरार्धात नान्सी येथील बर्नहाइम प्रभृतींनी फारियांचेच म्हणणे खरे होते असे मान्य केले. पण मधली पन्नासएक वर्षे एका खऱ्या गोष्टीवर हशाचा दगड ठेवलेला होता.

शेजारी म्हणाले, “त्या नटाला फारियाचे काम कळत नव्हते. तो नुसता झोपला नव्हता.” आम्ही हे वाक्य कागदावर टिपून घेतले. अपराध कोठे झाला हे इतक्या थोडक्यात सांगणारे न्यायाधीश आमच्या पाहण्यात फार नाहीत. प्रहसन लिहिणारे घरचे नव्हते, दारे उघडी होती, आणि ज्याला भाजले त्याला शेवटचा शब्द मिळाला नाही.

दाराचा मुद्दा आम्हास विशेष महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे शिगमो बसतो तेव्हा मांडावर आधी नमन होते, मग खेळ. होळीला मारलेली बोंब होळीपुरती असते. ती वर्षभर मारणाऱ्याला गाव वेडा म्हणते. विहिणीच्या पंगतीत व्याह्यांना गाण्यातून घातलेले टोमणे पान उचलेपर्यंतच. शिमगा सरला तरी कवित्व उरते, अशी तक्रार पूर्वजांनी केली, तेव्हा कवित्व निदान माणसाच्या तोंडी उरत असे व माणूस विसरत असे. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात काही चित्रपटनटांचा असा एक रोस्ट झाला. मंचावर बसलेले राजीखुशीने बसले होते, तिकीट काढून आलेले जाणूनबुजून आले होते. त्याची चित्रफीत पुढे घरोघर पोचली, ओरड झाली, ती फीत काढून घेण्यात आली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. त्यातील अश्लीलतेच्या प्रश्नात आम्ही शिरत नाही. पण संमती मंचावरच्यांनी दिली होती व सभागृहात बसलेल्यांनी दिली होती. घरी बसलेल्या आजोबांनी दिली नव्हती. मनकवडे दाराशी फोन काढून घेतात, ते आम्हास फार शहाणपणाचे वाटले.

आता मूळ सभेकडे. सत्कारमूर्ती अठ्याहत्तर वर्षांचे होते. तरुणपणी ते शंभर प्रेक्षकांची नावे एकदा ऐकून शेवटी उलट क्रमाने म्हणून दाखवीत. तीच त्यांची ख्याती. सूत्रधार उठून म्हणाले, “यांनी पन्नास वर्षांत लाखो मने वाचली. दुर्दैवाने, यांना पुन्हा बोलवावे, असा विचार त्यांतील एकाही मनात नव्हता.” वृद्ध गृहस्थ टेबलावर मूठ आपटून हसले. मग नियमाप्रमाणे सर्वांत नवा, त्याच वर्षी मंडळीत आलेला एक पोरसवदा तरुण उभा राहिला. घाबरलेला होता, दोनचार बरी वाक्ये झाली आणि तो म्हणाला, “पूर्वी हे शंभरांची नावे लक्षात ठेवीत. हल्ली खोलीत शिरल्यावर स्वतःचे नाव कुणाच्या तरी मनातून वाचून घेतात.”

कोणी हसले नाही. आम्हास वाटले, इंग्रजी विनोद आमच्या लक्षात आला नसावा. मित्राने कानाशी लागून सांगितले : वर्षभरात वृद्ध गृहस्थ खरोखरच विसरू लागले होते. दोन प्रयोग त्यांना अर्ध्यावर सोडावे लागले होते. खोलीतील प्रत्येकाला हे ठाऊक होते. त्या मुलाला तेवढे कोणी सांगितले नव्हते. मुलाचा चेहरा पाहून आम्हास त्याची कीव आली. तो कसाबसा बसला.

नंतर एक प्रौढ बाई उठल्या. त्या घटनेला त्यांनी स्पर्शही केला नाही. त्या वृद्धांच्या सुप्रसिद्ध स्तब्धतेवर बोलल्या. पत्ता सांगण्यापूर्वी हे इतका वेळ थांबतात की मनात कोणता धरला होता हे प्रेक्षकच विसरतो, आणि म्हणून यांचे आजवर कधी चुकलेले नाही. बोलता बोलता त्यांनी ती स्तब्धता करूनही दाखविली, आणि ती इतकी नेमकी होती की हशा येण्याआधी लोकांनी टाळ्या वाजविल्या. पुढे एकाने बायकोच्या मनातले न ओळखण्याचा विनोद केला, त्यावर सर्व सभा दुःखाने विव्हळली. हा विनोद बंदी घालण्याइतका जुना आहे म्हणे. मग आमचे मित्र. वृद्धांनी तरुणपणी फेटा बांधून प्रयोग केले होते, त्याचा समाचार त्यांनी घेतला. “खरा हिंदू मी, पण माझ्याजवळ फेटा नव्हता, म्हणून पहिली दोन वर्षे मला काम मिळेना. अखेर यांना दया आली. यांनी आपला फेटा मला दिला. भाड्याने.” हशा ओसरल्यावर आम्हास कळले की त्या दोन वर्षांत वृद्धांनीच आपल्या वाट्याची कामे यांच्याकडे वळविली होती. हे त्या सभेत कोणी बोलले नाही; बोलणे शिष्टसंमत नव्हते. शेवटी चाळीस वर्षांचे स्नेही बोलले, तेही निर्दयपणे.

मग वृद्ध गृहस्थ उठले. हातात कागद नव्हता. त्यांनी सूत्रधारापासून सुरुवात केली. त्याचे वाक्य जसेच्या तसे म्हटले आणि त्याला उत्तर दिले. मग बाईंचे वाक्य, मग बायकोचा विनोद, मग फेटा, मग स्नेह्याचे अखेरचे. प्रत्येकाचे शब्द त्याच क्रमाने, आणि प्रत्येकाला एकेक सणसणीत परतफेड. लोक उभे राहिले. त्या तरुणाचे वाक्य तेवढे त्यांनी घेतले नाही. त्याच्याकडे पाहिलेही नाही.

परतताना मोटारीत आम्ही वकिली सुरू केली. विसरले, की क्षमा केली, की एखादी गोष्ट मुद्दाम चुकवावी म्हणजे बाकीचे खरे वाटते ही त्यांच्या धंद्यातील युक्ती चालविली? मित्र बराच वेळ गाडी हाकीत राहिले. मग म्हणाले, “पन्नास वर्षे हेच तर तो लोकांना ओळखू देत नाही. तू एका रात्रीत ओळखणार?”

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलाच्या दाराशी तो तरुण वृद्धांची बॅग उचलून मोटारीत ठेवीत होता. आम्ही निरोप घेण्यास गेलो. वृद्ध गृहस्थांनी त्या मुलाला त्याचे नाव विचारले, खिशातून पेन्सिल काढून एका चिठ्ठीवर लिहिले, चिठ्ठीची घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मग आमच्या मित्राकडे वळून म्हणाले, “पुढल्या वर्षी याला बोलवा. मात्र पहिला नको. पहिला काय बोलला, हे कोणाच्या लक्षात राहत नाही.”